गोव्याची पहिली विधानसभा नेमलेली नव्हती

१९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्यातल्या एका काकांनी खाली लिहिलं होतं, “तुझं आजोळ गोव्याचं ना गं? म्हणजे तुला हे माहीतच असेल.” मला जे माहीत आहे ते त्या मजकुराशी जुळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मजकूर थोडक्यात असा: “गोवा मुक्त होताच दिल्लीने तिथे आपल्या माणसांची नेमलेली विधानसभा बसवली. केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा देण्याचा हा प्रकार फक्त गोव्यासाठी झाला, कारण गोवा महाराष्ट्राला मिळू द्यायचा नव्हता. त्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला तर तो केराच्या टोपलीत टाकला आणि खोटा कौल घेतला. कौलात वेगळ्या राज्याचा पर्यायच ठेवला नव्हता. तेव्हापासून गोव्यात मराठीला थारा नाही.”

आधी ‘नेमलेली’ या शब्दाचं बघू, कारण मला सर्वांत जास्त तोच खुपतो.

नेमलेलं मंडळ गोव्यात होतं, हे खरं. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गेल्यावर काही महिने मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे लष्करी गव्हर्नर म्हणून कारभार होता. मग नायब राज्यपाल आले आणि १९६२ मध्ये त्यांना सल्ला देण्यासाठी एक सल्लागार मंडळ नेमलं गेलं. त्याला कायदे करण्याचा अधिकार नव्हता. विधानसभा ही त्यानंतरची आणि पूर्ण वेगळी गोष्ट. केंद्रशासित प्रदेशांच्या कारभाराचा कायदा १९६३ मध्ये झाला. त्यात गोवा, दमण आणि दीवसाठी ३० निवडून आलेले सदस्य ठरले: गोव्याचे २८, दमणचा एक आणि दीवचा एक. केंद्राला फार तर आणखी ३ सदस्य नेमता येत होते. ९ डिसेंबर १९६३ ला मतदान झालं. मुक्तीला दोन वर्षं व्हायला दहा दिवस कमी होते.

आणि निवडून कोण आलं? मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, आणि त्याच्या साथीदारांना मिळून १६ जागा. विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. दिल्लीत ज्यांचं राज्य होतं त्या काँग्रेसला सगळी मिळून एक जागा मिळाली आणि ती दमणची. खुद्द गोव्यात काँग्रेसचा एकही आमदार निवडून आला नाही. दिल्लीने आपली माणसं बसवली असती तर निकाल असा लागला असता का? २० डिसेंबरला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ९ जानेवारी १९६४ ला पणजीत, मांडवीकाठच्या आदिलशहाच्या जुन्या वाड्यात विधानसभेची पहिली बैठक भरली. सभापती झाले पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर आणि विरोधी पक्षनेते जॅक सिक्वेरा.

याच्या बाजूला आपलं उदाहरण ठेवते. १ मे १९६० ला महाराष्ट्राची विधानसभा अस्तित्वात आली तेव्हा नवी निवडणूक झाली नव्हती. १९५७ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यासाठी निवडून आलेले आमदारच विभागले गेले. महाराष्ट्र विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ ची. म्हणून कुणी तिला ‘नेमलेली’ म्हणत नाही आणि म्हणूही नये. मग मतपेटीतून आलेल्या गोव्याच्या विधानसभेला तो शब्द का लावायचा?

माझी आजी उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातली, मुंडकाराची सून. हा शब्द पुण्यात फारसा कुणाला कळत नाही. भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर बांधून राहणारा तो मुंडकार. आजी सांगायची, भिंत आमच्या हातची, पण तिच्याखालची माती भाटकाराची. दारातल्या माडाचा नारळ पडला तरी तो उचलून भाटकाराच्या ढिगात टाकायचा. पावसाळ्याआधी घर शाकारायचं झालं तरी आधी भाटकाराच्या पडवीत जाऊन उभं राहायचं, तो जेवून बाहेर येईपर्यंत. त्या बाईने ९ डिसेंबर १९६३ ला आयुष्यातलं पहिलं मत दिलं. शाई लागलेलं बोट ती आम्हा नातवंडांसमोर वर धरून दाखवायची, शाई जाऊन वीस वर्षं झाली होती तरी. १९४६ च्या जूनमध्ये लोहियांनी मडगावात सभा घेतली तेव्हा परवानगीशिवाय नुसतं चार लोकांसमोर बोलणं हाही गुन्हा होता. तिथून १७ वर्षांत आजी मतदानाच्या रांगेत पोचली होती. तिने आणि तिच्यासारख्या हजारोंनी निवडलेल्या सभेला ‘नेमलेली’ म्हटलेलं मला ऐकवत नाही.

त्या सभेने काम काय केलं हेही त्या मजकुरात येत नाही. १९६४ मध्येच कूळ कायदा आला, कुळाला संरक्षण मिळालं आणि खंडावर, म्हणजे जमिनीच्या भाड्यावर, मर्यादा आली. गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. १९७५ मध्ये, बांदोडकरांच्या पश्चात शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकारांना घरातून हुसकावण्याला मनाई करणारा कायदा झाला. आजोबांनी त्यानंतर पहिल्यांदा कुणाला न विचारता घराला पडवी काढली.

आता ‘फक्त गोव्यासाठी’. हे उघडच चूक आहे. १९६२ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने २३९-अ हे कलम आलं. त्याच कलमाने आणि पुढच्या वर्षीच्या त्याच कायद्याने हिमाचल प्रदेश, मणिपूर, त्रिपुरा आणि पाँडिचेरी यांनाही विधानसभा मिळाल्या. त्या चौघांचा महाराष्ट्राशी काय संबंध?

ठराव आणि कौल हा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो मांडणाऱ्यांची तळमळ मला कळते. गोवा विमोचन सहायक समिती या पुण्यातच उभी राहिली. १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. नानासाहेबांनी पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला. ज्या शहराने एवढं सोसलं त्याला गोवा आपल्यात यावासा वाटणं स्वाभाविक आहे.

जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, हे खरं. (दिल्लीने बसवलेल्या माणसांनी असा ठराव कसा केला, हे मात्र मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.) पण राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेचा आहे. संयुक्त महाराष्ट्रही रस्त्यावरच्या लढ्याने मिळवला आणि संसदेच्या कायद्याने घडला. विधानसभेचा ठराव हा मागणीच ठरतो. शिवाय विरोधकांचं म्हणणं असं होतं की १९६३ मध्ये लोकांनी सरकार निवडलं, प्रदेश राहावा की जावा हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही. मला हे म्हणणं पटतं. आजीने सिंहावर, म्हणजे मगोच्या चिन्हावर, शिक्का मारला तो भाटकाराच्या पडवीत उभं राहायचा कंटाळा आला होता म्हणून. त्या शिक्क्यात गोव्याची हद्द पुसायची परवानगी होती, असं धरून चालणं तिच्यावर अन्याय आहे.

मग संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पानं अशी चिन्हं होती. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. हरलेल्या बाजूलाही जवळपास एक लाख चाळीस हजार मतं आहेत, ती लपवलेली नाहीत. ज्याला हा कौल खोटा म्हणायचा आहे त्याने कुठे, कुणी, कशी लबाडी केली ते दाखवावं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुन्हा विधानसभा निवडणूक झाली आणि गोव्याने पुन्हा मगोलाच सत्ता दिली. अडीच महिन्यांपूर्वी ज्यांनी विलीनीकरण नाकारलं त्यांनीच विलीनीकरणवाल्या पक्षाला निवडून दिलं. आमच्या घरात हे ताटापाशी घडलं. १९६३ मध्ये आजी-आजोबा दोघांनी सिंहाला मत दिलं. कौलात आजीने फूल निवडलं, आजोबांनी दोन पानं, आणि त्यावरून आठ दिवस घरात अबोला होता. मार्चमध्ये दोघंही पुन्हा सिंहाकडे. कूळ कायदा करणारं सरकार त्यांना हवं होतं. गोवा कुणाचा, हा प्रश्न त्यांनी त्यापासून वेगळा ठेवला होता.

मराठीला थारा नाही म्हणणाऱ्यांनी एकदा म्हापशाच्या बाजारात उभं राहून नुसत्या पाट्या वाचाव्यात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, पण त्याच कायद्यात शासकीय कामासाठी मराठी वापरण्याची तरतूद आहे.

त्या मजकुरातली एक गोष्ट मात्र बरोबर आहे. कौलात वेगळ्या राज्याचा पर्याय नव्हता. महाराष्ट्र किंवा केंद्रशासित प्रदेश, एवढंच. दमण आणि दीवला गुजरातबद्दल विचारलं गेलं. वेगळं राज्य हवं असलेल्या गोंयकाराला दोन पानांवरच मत द्यावं लागलं, आणि मग २० वर्षं थांबावं लागलं. तोवर निवडून आलेल्या या सभेच्या डोक्यावर केंद्राचा प्रशासक होता. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं आणि १९८९ च्या निवडणुकीपासून विधानसभा ४० आमदारांची झाली. राज्य झालं त्याच दिवशी दमण आणि दीव वेगळे काढले गेले. १९६३ पासून त्यांचा एकेक आमदार पणजीत बसत होता, त्या दोन खुर्च्या गेल्या. तिथल्या लोकांना आजही विधानसभेसाठी मत देता येत नाही.