अ‍ॅम्प म्हणे स्पीकरच्या निम्म्या वॅटचा घ्यायचा!

गणपती जवळ आले की एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. त्यात तीन गोष्टी असतात. स्पीकरच्या निम्म्या वॅटचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, आवाज मोठा करणारं यंत्र) लावा, स्पीकर कधीच जळणार नाही. दोघांचे ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) तंतोतंत सारखे पाहिजेत, नाहीतर अ‍ॅम्प उडेल. आणि आवाज कमी पडला तर दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प घ्या, आवाज दुप्पट. मी इथे सोसायटीच्या हॉलमधला भावगीतांचा कार्यक्रम धरून बोलतोय, शंभरेक माणसं, गायक, पेटी, तबला, बास. डीजेवाल्यांचं गणित वेगळं, त्यांनी यात पडू नये.

पहिलं निम्म्या वॅटचं. तबल्याची चाट क्षणभरच वाजते पण सरासरी आवाजाच्या दहापट पावर सहज मागते, म्हणजे अ‍ॅम्प 100 वॅटचा असला तरी सरासरी 10 वॅटच चाललेले असतात आणि बाकीचे त्या चाटेसाठी राखीव. आता अ‍ॅम्प छोटा, मागून कोणीतरी "आवाज येत नाही हो" ओरडतो, ऑपरेटर व्हॉल्यूम पिळतो, लाल क्लिप लाइट (अ‍ॅम्पची ताकद संपल्याची खूण) पेटलेलाच राहतो. मग लाटेचे शेंडे छाटले जातात, सरासरी पावर वर चढते, पार चौकोनी लाट झाली तर तोच 100 वॅटचा अ‍ॅम्प 200 वॅटपर्यंत देऊ शकतो आणि वरच्या पट्टीचा माल वाढतो तो बिचाऱ्या ट्विटरच्या (बॉक्समधला बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वाट्याला. त्याची कॉइल केसासारखी बारीक, तापली की संपली. तरी छोटा अ‍ॅम्प आपणहून स्पीकर मारतो असंही नाही हं, क्लिप लाइट पेटू दिला नाही तर वर्षानुवर्षं चालतो. पण हातात निवड असेल तर स्पीकरच्या कंटिन्युअस (सलग सोसेल तेवढ्या) वॅटएवढा ते दीडपट अ‍ॅम्प घ्या आणि हात आखडता ठेवा. आणि वॅट बघताना स्पीकरच्या बॉक्सवरचा पीकचा (क्षणभरच सोसेल तेवढा) मोठा आकडा बघू नका, तो बऱ्याचदा कंटिन्युअसच्या चौपट छापलेला असतो. पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका.

दुसरं ओहमचं. आजकालच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला किमान ओहमची मर्यादा असते, त्याच्या वर कितीही चालतं, फक्त पावर कमी मिळते. 4 ओहमच्या अ‍ॅम्पला 8 ओहमचा एक बॉक्स लावला तर काही उडत नाही. उडतं कधी, तर 8 चे चार बॉक्स एकातून एक पॅरलल जोडले की, कारण ते होतात 2 ओहम. ब्रिज मोडमध्ये (अ‍ॅम्पचे दोन चॅनल जोडून एक केले की) तर ती किमान मर्यादाच दुप्पट होते, हे मेसेजवाल्यांना कोणी सांगितलेलंच दिसत नाही. अहुजाच्या पीए (सभा-समारंभाच्या) अ‍ॅम्पवर मागे 4, 8, 16 ओहमच्या शेजारी 70 आणि 100 व्होल्टचे टर्मिनल असतात, ते वेगळंच प्रकरण. तिथे ओहम मोजायचे नाहीत, ट्रान्सफॉर्मरवाल्या कॉलम स्पीकरांच्या वॅटची बेरीज करायची, 30 चे चार लावले तर 120, 160 चा अ‍ॅम्प आरामात ओढतो. फक्त साधा 8 ओहमचा बॉक्स चुकूनही 100 व्होल्टला जोडू नका, तो अ‍ॅम्पकडे 1250 वॅट मागेल.

तिसरं, दुप्पट वॅट दुप्पट आवाज. साफ चूक. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वाढतात, कानाला जेमतेम कळतं. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा बॉक्सची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर तो किती डीबी वाजतो ते) बघा ना. 97 डीबीचा बॉक्स 50 वॅटवर जेवढा वाजतो तेवढं वाजायला 90 डीबीच्या बॉक्सला 250 वॅट लागतात, पण दुकानात हा आकडा विचारतं कोण.

आणि एवढ्याशा हॉलमध्ये अ‍ॅम्प कमी पडायच्या आधी माइक शिट्टी मारतो, मग वाढवलेले वॅट वापरणार कुठे? बॉक्स माइकच्या पुढे ठेवा, स्टँडवर डोक्याच्या वर चढवा, गायकाला माइकच्या जवळ आणा. नको ते माइक बंद करा, कारण उघडे माइक दोनाचे चार झाले की शिट्टीआधी मिळणारा आवाज 3 डीबीने घटतो, म्हणजे निम्मा अ‍ॅम्प गेल्यातच जमा, आणि निवेदकाचा माइक तर गाणं सुरू असतानाही हमखास चालूच सापडतो.