सोसायटीची मतं विकायचीच ना? मग नीट विका

महापालिकेची निवडणूक आली की सोसायटीच्या कमिटीत एकाएकी एकी होते. टँकरचं बिल कुणी भरायचं यावर एरवी रात्री बारापर्यंत भांडणारी मंडळी चहा निवायच्या आत ठरवून मोकळी होतात : यंदा मतं एकगठ्ठा द्यायची आणि ‘काम करून घ्यायचं’. पुण्यात 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं, त्याआधी कितीतरी सोसायट्यांत हेच चाललं होतं. विकायला आमची हरकत नाही. पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं घासाघीस करणारी माणसं पाच वर्षं असल्या पडत्या भावात देऊन टाकतात, ते बघवत नाही. म्हणून पुढच्या खेपेसाठी थोडं मार्गदर्शन.

आधी माल मोजा. ‘आमच्याकडे हजार मतं आहेत’ असं चेअरमन ठोकून देतात. 240 फ्लॅट गुणिले चार, एवढाच त्यामागचा अभ्यास. मतदार यादी उघडून पाहा. भाडेकरूंची नावं लातूरला, नाहीतर जळगावला. अर्ध्या मालकांची नावं अजून जुन्या वाड्याच्या पत्त्यावर, म्हणजे दुसऱ्याच प्रभागात. मुलं टोरांटोला. उरले साडेतीनशे. मतदान गुरुवारी, म्हणजे शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस अलिबाग. समोर बसलेल्या कार्यकर्त्याकडे हीच यादी फ्लॅटनिहाय, पेन्सिलीच्या खुणांसकट असते. तुमच्या हजारावर तो नुसता हसतो आणि आणखी एक चहा मागतो.

लेटरहेडवर ‘जाहीर पाठिंबा’ लिहू नका, ‘सत्कार’ लिहा.

कायद्याची धास्ती वाटत असेल तर भारतीय न्याय संहिता चाळा. कलम 170 प्रमाणे मतासाठी देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. कलम 173 मध्ये एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मात्र लाच खाण्यापिण्याच्या रूपात असेल तर फक्त दंड. तेव्हा स्वभावाने भित्रे असाल तर मटणावर भागवा. शिवाय सार्वजनिक कामाचं आश्वासन लाचेत धरत नाहीत. म्हणून अर्जात ‘आमच्या पार्किंगसाठी’ असं न लिहिता ‘परिसरातील नागरी सुविधांसाठी’ असं लिहावं.

उमेदवाराची परिस्थितीही समजून घ्या. पुण्यात त्याला खर्चाची मर्यादा 15 लाख. शहरात मतदार 35 लाखांवर, प्रभाग 41, म्हणजे एका प्रभागात सरासरी 85 हजारांच्या वर. माणशी 18 रुपयेसुद्धा येत नाहीत. एवढ्यात बिचारा पत्रकं, मांडव, रिक्षा, पोरांचे वडापाव आणि हळदीकुंकवाला स्टीलच्या डब्यांचं वाण असं सगळं बसवतो. (यंदा संक्रांत नेमकी मतदानाच्या आदल्या दिवशी होती. त्यात तरी कुणाचा हात नसावा.)

प्रभाग चार नगरसेवकांचा असेल तर मतंही चार असतात. चौघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा, हॉल तोच ठेवा.

आता मोबदला. इथे पेव्हर ब्लॉकच मागायचे, दुसरं काही मागायची पद्धत नाही. रस्ता धडधाकट असला तरी मागायचे. ब्लॉक किती जाडीचा, हे मात्र विचारू नका. पायी चालायला 60 मिलीमीटर चालतो, जड गाड्यांखाली 80 लागतो. आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात जो टेम्पो येतो त्यात 60 चाच असतो, कारण तो स्वस्त. खाली काय घालायचं असतं? जुना थर खणून काढायचा, मुरूम दाबायचा, खडीचा निदान सहा इंची थर रोलरने बसवायचा, त्यावर इंच-दीड इंच क्रश सँड, मग ब्लॉक. कडेला कर्ब हवा, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकत जातात. सांध्यांत बारीक वाळू भरून वरून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा आणि उतार चेंबरकडे ठेवायचा, मीटरला दोन सेंटीमीटर. याला आठ-दहा दिवस लागतात. तुमच्याकडे किती लागले? दीड! जुन्या डांबरावर थेट वाळू पसरली आणि ब्लॉक मांडले. आवार चार इंच वर आलं, पार्किंग होतं तिथेच राहिलं. आता वळवाची एक सर आली की पाणी चेंबरकडे न जाता तुमच्या स्कूटरकडे येतं. आणि जाणार तरी कुठे? चेंबरच्या झाकणांवरही ब्लॉक बसवलेत! ड्रेनेज तुंबल्यावर प्लंबर सब्बल घेऊन डॉक्टरांनी पोट तपासावं तसा ठोकत फिरतो : इथे पोकळ वाजतंय का, तिथे वाजतंय का. कचऱ्याच्या गाडीची चाकं गेटपाशी वळतात, तिथे खड्डा पडलाय आणि त्यात कुणीतरी कुंडी ठेवलीय. गेटवरच्या फ्लेक्सवर ‘स्वखर्चातून’ लिहिलंय. मार्च 2022 पासून पालिकेवर प्रशासक होता, नगरसेवक नव्हतेच, तेव्हा निधी दाखवायची सोय नव्हती, हे कबूल. पण ज्याचा अधिकृत खर्च माणशी 18 रुपये, त्याच्या ‘स्व’मध्ये नेमकं कोण कोण येतं, हे एकाही चेअरमनने विचारलं नाही. हा पैसा पुढे कोणत्या टेंडरमधून वसूल होणार आणि ते टेंडर कुणाच्या मिळकतकरातून निघणार, हेही नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि सत्काराची शाल बायजीला!

शेवटची गोष्ट विश्वासाची. ‘घेऊ त्याच्याकडून, मत देऊ हवं त्याला, कुणाला कळतंय?’ असं जिन्यात म्हणणारे हुशार प्रत्येक विंगमध्ये असतात. मोजणी यंत्रनिहाय होते हो. प्रत्येक मतदान केंद्राचा आकडा वेगळा वाचला जातो आणि उमेदवाराचा माणूस तो वहीत उतरवून घेतो. 2024 च्या निवडणुकांपासून तर काही मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातच केंद्रं आली. सोय उत्तम, लिफ्टने उतरा आणि मत द्या. पण केंद्रात फक्त तुमचीच सोसायटी असेल तर तुम्ही काय केलंत ते निकालाच्या दुपारीच कळतं. चौदा केंद्रांची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवलं, विधी आयोगाने 2015 मध्ये उचलून धरलं. ते आजही वापरात नाही. का नाही, ते वरची वही ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. आकडा कमी भरला की पुढची पाच वर्षं पाणी कमी दाबाने येतं, आणि फोन केला की ‘तुमच्या बूथचं बघितलंय आम्ही’ असं ऐकायला मिळतं.

आकडा भरला तरी काय मिळतं? जाऊन विचारून बघा. ‘तुमचं काम झालंय की!’ म्हणतील, आणि त्यांचं काही चुकत नाही. माल घेतला, पैसे चुकते केले, व्यवहार संपला. पाणी, ड्रेनेज, कचरा, रस्ता हे तुम्ही दरवर्षी कर भरून विकत घेतलेलंच होतं. तेच पुन्हा मतं देऊन विकत घेतलंत, तेही निकृष्ट, आणि वर त्याला हार घालून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकलात. अडाणी मतदार पाचशेच्या नोटेवर जातात म्हणून नाकं मुरडता ना? त्याला निदान नोट तरी मिळाली, खर्चता आली. तुम्ही इंजिनियर, सीए, निवृत्त बँक मॅनेजर असून सिमेंटच्या ठोकळ्यांवर गेलात, आणि त्यांची जाडी मोजायला तुमच्यातल्या एकानेही टेप काढला नाही. रविवारी जनरल बॉडीत ‘पार्किंगमध्ये पाणी का साचतं’ हा विषय घेतलाय म्हणे. आता कशाला? आधी गेटवरचा तो फ्लेक्स उतरवा, आणि चेंबर कुठे पुरलंय ते त्या प्लंबरला दाखवा. तो सकाळपासून उन्हात ठोकत बसलाय.