अर्ध्यावर सुटलेला मनोरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

घणसोलीहून लिहिणाऱ्या वाचकमित्रास,

इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. अमेरिकी कादंबरीकार स्टीफन किंगची ‘डार्क टॉवर’ ही मनोऱ्याच्या शोधात निघालेल्या रोलंड या बंदूकबाजाची सात खंडांची मालिका मी सहाव्यानंतर का सोडली, ते मी लिहिलं होतं. असं सोडणाऱ्याने तिच्यावर मत देऊ नये, शेवटासाठी तरी सातवा वाचावा, असं तुमचं म्हणणं. ठाणे-वाशी लोकलमध्ये तुकड्यातुकड्याने वाचलं की चौथ्या खंडातली लांबलचक पूर्वकथा जड जाणारच, हे दुसरं. आणि सातव्या खंडात खुद्द किंगच शेवटाआधी वाचकाला इथेच थांबायला सुचवतो, कारण खरी मौज प्रवासात आहे, हे तिसरं.

तिसरं मला मनापासून पटतं. पण मौज प्रवासातच असेल, तर सात खंडांपैकी सहा चालून आलेल्या माणसाला पाय कुठे जड झाले हे सांगायचा हक्क आहे. ‘शेवटासाठी तरी वाचा’ आणि ‘शेवटाला महत्त्व नाही’ ही दोन्ही विधानं एकाच प्रतिक्रियेत कशी बसतात?

लोकलवर राग नको. चौथा खंड मी ठाण्याहून तुर्भ्याला जाता-येताच वाचला आणि मालिकेत मला तोच सर्वांत प्रिय आहे. मेजिस परगण्यातल्या हॅम्ब्री गावच्या गुत्त्यातला प्रसंग आठवा. एका बाजूला तरुण रोलंड आणि त्याचे मित्र कथबर्ट व अ‍ॅलन, दुसऱ्या बाजूला डिपेप, रेनॉल्ड्स आणि जोनास हे भाडोत्री गुंड. कथबर्टने गलोल ताणून डिपेपवर नेम धरलाय, कथबर्टच्या मागे रेनॉल्ड्सचं पिस्तूल, रेनॉल्ड्सला अ‍ॅलनचा सुरा, अ‍ॅलनवर जोनासचं पिस्तूल आणि जोनासच्या मागे सुरा घेऊन उभा चौदा वर्षांचा रोलंड. कुणी श्वास जोरात घेतला तरी मुडदे पडतील. जादू नाही, राक्षस नाही, नुसती माणसं आणि त्यांची हिंमत. असं चारशे पानं चाललं तरी मी कंटाळणार नाही. वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदूकबाजांच्या कथा, मला आवडतात त्या यासाठीच.

माझं मन उडालं ते पाचव्या खंडात. सुरुवात काय जबरदस्त आहे! कॅला गावात बहुतेक मुलं जुळी. दर पिढीला लांडगे येतात, प्रत्येक जोडीतलं एक मूल उचलून नेतात आणि परत पाठवतात ते मतिमंद करून. ही मुलं अवाढव्य वाढतात आणि लवकर मरतात. त्या आईबापांची पानं वाचताना माझ्या पोटात कालवलं. मग लढाई होते आणि लांडगे निघतात यंत्रमानव. वेश कॉमिकमधल्या खलनायकाचा, हातात ‘स्टार वॉर्स’सारख्या प्रकाशाच्या तलवारी, फेकायच्या गोळ्यांवर चक्क हॅरी पॉटरचं नाव. सगळी जगं एकमेकांत झिरपताहेत ही लेखकाची कल्पना मला कळते, तुम्ही ती छान समजावलीही आहे. पण ज्या भीतीपोटी ते आईबाप रात्र-रात्र जागले, तिच्यामागे ओळखीच्या खेळण्यांचं दुकान निघालं, आणि त्यानंतर कुणाच्याही जिवाची मला धास्ती वाटेना. सहाव्यात तर रोलंड आणि त्याचा सोबती एडी 1977 सालातल्या मेन राज्यात जाऊन स्वतः किंगलाच भेटतात. लेखकच कथेत येऊन बसला की पुढच्या संकटातून सुटका कशी होणार ही उत्कंठा माझ्यापुरती तरी संपते.

1999मध्ये व्हॅनची धडक बसून झालेल्या अपघातातून किंग वाचला आणि तरीही त्याने 2003-04मध्ये उरलेले तीन खंड पुरे केले, याची जाण ठेवा, असंही तुम्ही लिहिलंय. ती आहेच. 1991मध्ये तिसऱ्या खंडाच्या शेवटी रोलंड आणि सोबत्यांची एका वेड्या, बोलणाऱ्या आगगाडीशी लागलेली कोड्यांची पैज अर्ध्यावर सोडून त्याने वाचकांना सहा वर्षं ताटकळत ठेवलं होतं. तसं पुन्हा, तेही कायमचं, टांगणीला न लावता त्याने गोष्ट तडीस नेली, ही मोठी गोष्ट. पण कृतज्ञता म्हणून पानं आवडून घेता येत नाहीत. त्या पैजेत एडी जिंकतो तो बाष्कळ विनोदांनी, ज्यांवर रोलंड आधीपासून चिडत आलेला असतो. तिथे सुटका माणसाच्या स्वभावातून आली होती. सहाव्या खंडात मी तेच शोधत होतो.

तुम्ही सातही खंड दोनदा वाचलेत, म्हणून एक विनंती. शेवट न फोडता सांगा: सातव्यात असा एखादा प्रसंग आहे का, जिथे रोलंडला पुन्हा काहीतरी गमावण्याची भीती वाटते? असेल तर प्रकरण कळवा. तेवढ्यासाठी मी पुस्तक पुन्हा उघडेन.