पुन्हा लाइट गेली!

गेली परत! ऐन मे महिन्यात, भर दुपारी. माशांच्या टाकीतलं पाणी ३० अंशांवर, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात हवेचा पंप बंद. थोड्या वेळात गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडायला लागतात. तो चप् चप् आवाज ऐकला की पोटात कालवतं. मग मी तांब्याने पाणी उंचावरून ओतत बसते. किती वेळ? हात भरून येईपर्यंत?

दुकानदार म्हणतो, "इन्व्हर्टर घ्या." अहो, ४ वॉटच्या पंपाला? १२ व्होल्टची ७ एएच (अँपिअर-अवर) बॅटरी आणि थेट बॅटरीवर चालणारा डीसी पंप, एवढंच मागतेय! ८४ वॉट-अवर होतात, निम्मे वापरले तरी दहा तास निघतात. पण डीसी पंप मागितला की, "येत नाही ताई." का येत नाही? लाइट जाते हे आज कळलं?

यूएसबी पंप आणला, तर भार इतका कमी की पॉवर बँक आपोआप बंद! आणि पाणी मागे फिरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खोक्यात का देत नाहीत? पंप पाण्याच्या पातळीखाली असेल, तर तो थांबला की टाकीतलं पाणी नळीतून उलटं येतं, थेट पंपात. परवा पहाटे तेच झालं. पंप भिजून जळाला आणि सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते.