फुगे मोजून हत्तीची किंमत होत नाही

मे महिन्यात एका पहिल्या वाढदिवसाला एका गृहस्थांनी माझा हत्ती मोजला. खरोखर मोजला. पायापासून सुरुवात करून, बोट लावत लावत, पार सोंडेपर्यंत. मग मोबाइलवर माझं कोटेशन उघडून म्हणाले, "ताई, तुम्ही लिहिलेत सव्वीसशे फुगे. इथे तर तेराशेच्या वर काही भरत नाहीत."

मी एक फुगा सोडवून त्यांच्या हातात दिला आणि दिव्यासमोर धरायला सांगितला. पांढऱ्या फुग्याच्या आत काळा फुगा होता. असा प्रत्येक फुग्यात. बाजारात मिळणारा राखाडी फुगा सिमेंटच्या पत्र्यासारखा दिसतो, त्यात जनावराची कातडी दिसत नाही. काळ्यावर पांढरा चढवला की जो धुरकट, किंचित निळसर करडा रंग येतो, तो हत्तीचा. त्यासाठी एक फुगा काडीला लावून दुसऱ्याच्या आत सरकवायचा, दोन्हींची तोंडं जुळवून धरायची, मग फुगवायचं आणि एकत्र गाठ मारायची. तेराशे वेळा.

ते ऐकून गृहस्थ म्हणाले, "पण दिसतात तर तेराशेच ना?"

त्या वाक्यावर मी गेले कित्येक दिवस विचार करतेय. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, पण ज्यांच्या घरी, सोसायटीत किंवा ऑफिसात कधी ना कधी फुग्यांचं डेकोरेशन होतं त्यांनी पूर्ण वाचावी अशी विनंती आहे.

मी कर्वेनगरला राहते. नऊ वर्षं फुग्यांचंच काम करते. सुरुवात कमानी आणि खांबांपासून केली, आता मोठी शिल्पं करते. मोर, होड्या, एकदा एका कंपनीच्या कार्यक्रमासाठी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, बुरुजांसकट. शिल्प हा शब्द मी मुद्दाम वापरते. डेकोरेशन म्हटलं की भिंतीला चिकटवायची वस्तू डोळ्यासमोर येते. हा हत्ती नऊ फूट उंच होता, पाठीवर अंबारी होती आणि त्याच्याभोवती चारही बाजूंनी फिरता येत होतं.

सोंडेचं सांगते, कारण सगळं कसब तिथे लागतं. आमच्याकडे पुठ्ठ्याचं एक खोकं असतं, त्याला वेगवेगळ्या मापांची गोल भोकं पाडलेली असतात. फुगवलेला फुगा भोकाच्या कडांना जेमतेम टेकून पलीकडे गेला पाहिजे. अडला तर हवा सोडायची, सैल गेला तर भरायची. चार फुग्यांचा एक गुच्छ, असे बावीस गुच्छ, डोक्याशी नऊ इंची आणि टोकाला चार इंची. पण नुसतं माप उतरवत नेलं तर सोंड सरळ गाजरासारखी लोंबते. तिला वळवायचं तर प्रत्येक गुच्छातले आतल्या बाजूचे दोन फुगे बाहेरच्या दोघांपेक्षा अर्धा इंच लहान ठेवायचे. मग ती आपसूक आत वळायला लागते. तार नाही, बांबू नाही, नुसत्या हवेच्या मापावर वळते. टोकाशी हा फरक उलटा केला की सोंड पुन्हा वर उचलली जाते, आशीर्वाद दिल्यासारखी. एका गुच्छात माप चुकलं की तिथे ती मोडल्यासारखी दिसते, आणि कुठे चुकलं ते सगळी बांधून झाल्यावरच कळतं. त्या रात्री मी सोंड दोनदा उसवली.

अंबारी लांब फुग्यांची विणली होती. बाजारात तो फुगा टू-सिक्स्टी म्हणूनच मागतात. फुगल्यावर दोन इंच जाड आणि साठ इंच लांब, म्हणून २६०. विणताना प्रत्येक पिळाला हवा पुढे ढकलली जाते, त्यामुळे शेपटाकडे तीन-चार इंच मोकळं सोडावं लागतं. किती पीळ येणार, हे फुगवायच्या आधीच डोक्यात पक्कं हवं. हे यूट्यूब बघून येत नाही असं नाही, पण बोटांत उतरायला वर्षं जातात.

लॉन्सवर आदल्या रात्रीचं लग्न आटोपून हॉल आमच्या ताब्यात आला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. आम्ही तिघं. सकाळी दहाला हत्ती उभा राहिला. हॉलमध्ये एसी होता आणि तो तिथेच राहील असं ठरलं होतं, लेखी ठरलं होतं. दुपारी तीनला मला फोन आला की फोटोग्राफरला उजेडात फोटो हवेत म्हणून हत्ती बाहेर हिरवळीवर घेतलाय. पुण्यातला मे. मी गाडी काढून पोचेपर्यंत सत्तरएक फुगे गेले होते.

लॅटेक्स, म्हणजे फुग्याचं रबर, उन्हात का जातो, ते एकदा समजून घ्या. पहाटे २५ अंशांत भरलेली हवा दुपारी ४० अंशांत साधारण पाच टक्के फुगते, आणि आत काळा रंग असला की तो ऊन पिऊन आणखी तापतो. त्यात उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने रबराचा पृष्ठभाग खराब होऊ लागतो. तकतकीत फुगा तासाभरात मखमलीसारखा मंद दिसायला लागतो, मग एखादा हलका धक्काही त्याला पुरतो. हत्तीचा एक खांदा पार बसला होता. जास्तीचे दीडशे भरून सोबत ठेवले होते म्हणून सातपर्यंत तो पुन्हा उभा राहिला. रात्री हिशेबाला बसलो तेव्हा ठरलेल्या तीस हजारांतले अठरा हातात पडले. कारणं दोन: "फुगे कमी भरले" आणि "मधेच फुटले".

त्या घराचं नाव मी घेणार नाही. एका घराचा हा प्रश्नच नाही. "बोहरी आळीत शंभराचं पाकीट कितीला मिळतं ते आम्हालाही ठाऊक आहे," हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. मिळतं ना. मीही तिथूनच आणते. रेशमी धाग्याचा भाव विचारून पैठणीची किंमत कुणी ठरवत नाही. मग फुग्यांच्या पाकिटावरून हत्तीची का ठरवता?

दुसरं वाक्य, "एका दिवसात मोडायचं, त्याला एवढे पैसे?" हे पुण्यात ऐकू यावं याचं मला खरंच वाईट वाटतं. हे शहर गणपतीत मध्यरात्री लेकरांना खांद्यावर घेऊन देखावे बघत फिरतं. दहा दिवसांनी ते उतरणार हे ठाऊक असूनच फिरतं. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीआधी घातलेल्या रांगोळ्या काही तासांत पायाखाली जातात, तरी त्या बघायला लोक पहाटे उठून येतात. चार दिवस न टिकणाऱ्या गोष्टीवर जीव लावणं आपल्याला शिकवावं लागत नाही. ती नजर फुग्यांच्या कामाकडेही वळावी, इतकंच माझं मागणं आहे.

आणि ही काही फक्त पोरांची करमणूक नाही. रबराचा पहिला फुगा मायकेल फॅरडेने १८२४ मध्ये लंडनला केला तो प्रयोगासाठी, हायड्रोजन भरून ठेवायला. रबराचे दोन तुकडे, आतून पीठ लावलेले, कडा दाबून जोडलेल्या. आज आपण वापरतो तो लॅटेक्समध्ये साचा बुडवून केलेला फुगा अमेरिकेत नील टिलटसनने १९३१ मध्ये काढला, मांजराच्या डोक्याच्या आकाराचा. तिथलाच लॅरी मॉस हा कलाकार. त्याने आणि सोबत्यांनी बेल्जियममध्ये चाळीस हजारांवर फुगे वापरून फुटबॉल खेळाडू उभे केले, आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टरला गावातल्या लोकांना हाताशी घेऊन आत शिरून फिरता येईल असा फुग्यांचा अख्खा भूतबंगला बांधला. त्या भूतबंगल्याचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा रात्रभर झोपले नव्हते. गावातल्या लोकांनी मिळून बांधायचं, आणि ते टिकणार नाही हे सगळ्यांना माहीत. आपल्या मंडळांचीच रीत की ही!

आता आमच्या धंद्याची बाजू, कारण सगळा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारणं बरोबर नाही.

मोठ्या शिल्पात साधी हवा असते, गॅस नसतो. अकरा इंची फुगा हेलियमने भरला तरी जेमतेम दहा ग्रॅम उचलतो, आणि लॅटेक्समधून तो वायू दिवसभरात निसटून जातो. हेलियमचा पहिला मागमूस लागला तो १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, आपल्याच गुंटूरला, पिएर जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला. पण आज आपल्याकडे तो बाहेरून आणावा लागतो, म्हणून महाग. त्यामुळे स्वस्तात 'गॅसचे फुगे' देतो असं कुणी म्हणालं तर आत पटकन पेट घेणारा हायड्रोजन असण्याची दाट शक्यता असते. केकवरच्या मेणबत्तीशेजारी हायड्रोजनच्या फुग्यांचा घोस म्हणजे काय, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरीही काही जण देतात. कृपा करून सिलिंडर कसला आहे हे विचारा, दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर त्या माणसाला परत पाठवा.

फुगे आकाशात सोडायचं काम मी घेत नाही. कुणाच्या उद्घाटनासाठी नाही, कुणाच्या स्मृतिदिनासाठीही नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडला २७ सप्टेंबर १९८६ ला एका निधीसंकलनासाठी चौदा लाखांवर फुगे एकदम सोडले होते. समोरून पावसाळी हवा आली आणि फुगे वर जायचे ते खाली आले, रस्त्यांवर, विमानतळावर, ईरी सरोवरावर. सरोवरात दोन मच्छीमार बेपत्ता होते. शोधणाऱ्यांना पाण्यावर डोकं कुठलं आणि फुगा कुठला हे ओळखू येईना. दोघंही वाचले नाहीत.

लॅटेक्स म्हणजे झाडाचा चीक, तो आपोआप कुजून जातो, असं मीही वर्षानुवर्षं सांगत होते. मग टास्मानियातल्या संशोधकांचं काम वाचलं. त्यांनी फुगे सोळा आठवडे कंपोस्टमध्ये आणि पाण्यात ठेवले. सोळा आठवड्यांनंतरही ते फुगे ओळखू येण्याजोगेच होते. त्या दिवसापासून मी ते वाक्य बोलणं बंद केलं. आता शिल्प उतरवायला आम्हीच येतो, एकेक फुगा फोडून तुकडे पोत्यात भरतो, आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावतो. फुटलेला तुकडा रांगत्या बाळाच्या तोंडात गेला तर श्वास अडकू शकतो, म्हणून पहिल्या वाढदिवसांना तर जमीन झाडून घेतल्याशिवाय निघायचं नाही असा आमचा नियम आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी त्या अजून मागितल्या जातात, आणि दिल्या जातात.

तर पुढच्या वेळी कोटेशन मागाल तेव्हा किती फुगे हे विचारू नका. विचारा: किती माणसं, किती तास? सांगाडा कशाचा, वाऱ्याला टिकेल का? जागा बदलली तर काय होईल? उतरवणार कोण? घरात कुणाला लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आणि ठरलेली जागा बदलायची असेल तर फोन करा, आम्ही येऊन उपाय काढतो. त्या दुपारी मला अडीचला कुणी विचारलं असतं तर मांडवाचं कापड ताणून मी सावली करून दिली असती. फोटोही झाले असते, हत्तीही राहिला असता.

त्या रात्री साडेअकराला आम्ही हत्ती उतरवायला घेतला. पाहुणे गेले होते, केटररची भांडी टेंपोत चढत होती. बाळाची पणजी खुर्ची ओढून हत्तीसमोर येऊन बसली. संध्याकाळभर गर्दीत तिला तो नीट दिसलाच नव्हता. तिने सोंडेच्या टोकाला हात लावला, दाबला नाही, नुसता ठेवला.

"एवढं सगळं मोडायचं होय गं?"

"हो आजी. सकाळी इथे दुसरं लग्न आहे."

"मग सोंड शेवटी काढ. मी बसते तोवर."

आम्ही अंबारीपासून सुरुवात केली. मग पाठ, मग कान, मग पाय. सांगाड्याला नुसती सोंड उरली तेव्हा पाऊण वाजला होता. आजी अजून बसून होत्या.