‘चिलेट म्हणजे नुसती लूट’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. त्यात म्हणलंय की चिलेटेड झिंक, चिलेटेड फेरस (म्हणजे ईडीटीएसारख्या रसायनानं धरून ठेवलेलं जस्त अन् लोह, खत म्हणून विकतात ते) ही सगळी लूट आहे, आत तोच झिंक अन् तेच लोह, वरून टक्का कमी, ईडीटीए तर विषच, त्यापेक्षा स्वस्तातलं हिराकस (फेरस सल्फेट) आणून टाका. मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो अन् अंबडकडं आमची मोसंबी आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो, कारण हे वाचून लोक जुलैत पैसे अन् पीक दोन्ही घालवतील.

‘आत तोच धातू’. हो, धातू तोच. पण त्याला कुणी धरलंय हे बघा ना. हिराकस पाण्यात विरघळलं की लोहाच्या आयनभोवती नुसते पाण्याचे रेणू असतात, ते कधीही सुटतात. ईडीटीए हा लिगँड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, मात्र सहा ठिकाणी धरतो, दोन नायट्रोजन अन् चार ऑक्सिजन, लोह मधोमध अन् चारीकडून विळखा. चिलेट शब्दच मुळात ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आलाय. धातूभोवती अशी ठराविक जागांची मांडणी असते हे आल्फ्रेड वर्नर या रसायनशास्त्रज्ञानं १८९३ मध्ये मांडलं, १९१३ ला त्याला त्यावर नोबेल मिळालं.

घरी करून बघा. दोन बाटल्यांत बोअरचं पाणी घ्या, एकीत चिमूटभर हिराकस, दुसरीत फेरस ईडीटीए. हिराकसचं पाणी आधी फिकट हिरवट दिसतं, मग गढूळ पिवळं होतं, अन् सकाळी तळाला गंजासारखा तांबूस गाळ बसलेला असतो, बाटली हलवली तरी तो विरघळत नाही. दुसरी पिवळसर पण स्वच्छ राहते. तळाचा तो गाळ म्हणजे लोहच आहे, पण मुळाच्या कामाचं राहिलेलं नाही. पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो वाढला की आम्लता कमी) एकनं वाढला की विरघळलेलं फेरिक लोह, म्हणजे हवा लागून बदललेलं लोह, जवळपास हजार पटीनं कमी होतं, अन् आपल्या चुनखडीच्या काळ्या रानाचा पीएच आठच्या वर.

‘टक्का कमी, म्हणजे फसवणूक’. झिंक सल्फेटमध्ये २१ किंवा ३३ टक्के झिंक अन् चिलेटेडमध्ये १२, हा आकडा खरा आहे. पण कारण साधं आहे, झिंकच्या अणूचं वजन ६५ अन् त्याला धरणाऱ्या ईडीटीएचं २८८, मग टक्का खाली येणारच. उलट मोकळ्या झिंकवर धन भार असतो, चिकणमाती त्याला धरून ठेवते, फॉस्फेट भेटलं की साका बसतो. ईडीटीएमधल्या झिंकवर एकूण ऋण भार असतो, मातीचे कणही ऋणच, म्हणून ते सुटं राहतं. पण एक गोष्ट मेसेजवाल्याची मान्य करतो, पेरणीच्या वेळी जमिनीतून झिंक द्यायचा असेल तर साधं झिंक सल्फेट स्वस्त आहे अन् चांगलं काम करतं, तिथं चिलेटवर पैसा घालायची गरज नाही.

‘ईडीटीए विष आहे’. रक्त तपासायला देता ना, त्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएच असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. शिसं शरीरात गेलं तर डॉक्टर कॅल्शियम-ईडीटीएच देतात. हां, ते मातीत लवकर कुजत नाही अन् जड धातूही मोकळे करू शकतं, त्यामुळं हात सैल सोडून ओतायची वस्तू नाही ती.

‘चिलेट कृत्रिम आहे’. गहू, ज्वारी ही गवतवर्गातली पिकं लोह कमी पडलं की मुळातून स्वतःचा लिगँड सोडतात, फायटोसिडेरोफोर म्हणतात त्याला, तो लोहाला धरून मुळापर्यंत आणतो. शेणखतातलं ह्युमिक आम्लही हेच काम करतं, म्हणून आमचे आजोबा हिराकस शेणखतात मुरवून टाकायचे ते बरोबरच होतं. हरितद्रव्य घ्या, मधोमध मॅग्नेशियम अन् त्याला चार नायट्रोजननं धरलेलं.

आता जे त्या मेसेजमध्ये यायला पाहिजे होतं अन् आलं नाही, ते. चिलेट चिलेट सारखं नसतं. मोसंबी पिवळी पडली, नवीन पानांच्या शिरा हिरव्या अन् मधला भाग पांढरट, तेव्हा एका दुकानदारानं मला फेरस ईडीटीए ड्रीपमधून सोडायला लावलं, मी दोनदा सोडलं, काहीच फरक नाही. चूक माझीच, मला हे आधीच लक्षात यायला पाहिजे होतं. ईडीटीएनं धरलेलं लोह साधारण साडेसहा पीएचपर्यंतच मातीत टिकतं. त्याच्यावर गेलं की हायड्रॉक्साइड लोहाला ओढून नेतं अन् रिकाम्या झालेल्या ईडीटीएत चुनखडीतलं कॅल्शियम जाऊन बसतं. बाटलीत एक रात्र टिकलं म्हणून मातीत टिकेल असं नाही. अशा जमिनीत ईडीडीएचए हा दुसरा लिगँड लागतो, लोहाशी त्याचा स्थिरांक (पकड किती घट्ट याचा आकडा) १० च्या ३५ व्या घाताच्या आसपास, ईडीटीएचा २५ व्या. पाण्यात टाकलं की गडद लाल होतं. महाग आहे, म्हणून पाकिटावर ऑर्थो-ऑर्थो (त्यातला लोहाला घट्ट धरणारा प्रकार) किती टक्के ते वाचूनच घ्या. फवारायचं असेल तर ईडीटीए चालतं, पानावर चुनखडी आडवी येत नाही.

‘सोयाबीन पिवळं पडलं की हिराकस जमिनीत टाका’. नका टाकू. झडीत रान चिबडलं की मातीतला कार्बन डायऑक्साइड कोंडतो, चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट होतं. सोयाबीनचं मूळ आम्ल सोडून लोह विरघळवायला बघतं अन् हे बायकार्बोनेट ते आम्लच खाऊन टाकतं, मग वरून टाकलेल्या हिराकसचं काय होणार. आधी चर काढून पाणी काढा, वाफसा येऊ द्या, बऱ्याचदा त्यावरच पीक हिरवं होतं. नाहीच झालं तर अर्धा टक्का हिराकस, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, थोडं सायट्रिक आम्ल घालून फवारा. ते सायट्रिक पण लिगँडच आहे.