वकील आमदार झाला की सनद रद्द होते? मेसेज खोटा आहे

निवडणुका आल्या की हा मेसेज फिरतोच: वकील आमदार झाला की सनद (वकिलीचा परवाना) रद्द, सरकारी वकिलाला निवडणूक लढवता येत नाही, आणि महाधिवक्ता (राज्य सरकारचा सर्वोच्च कायदा अधिकारी) म्हणजे सत्ताधाऱ्यांचाच एक आमदार. मधल्या दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तोच जास्त फसवतो.

आधी सनद. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी असलेल्याला वकिली करता येत नाही. आमदार वेतन घेतो, म्हणजे तो नोकरच, असं गणित मांडलं जातं. सुप्रीम कोर्टाने 25 सप्टेंबर 2018 ला ते फेटाळलं. वेतन तिजोरीतून येतं, पण मालक-नोकर हे नातंच इथे नाही. अधिवेशन सोडून कोर्टात उभं राहणं शोभतं का, हा प्रश्न मतदारांनी विचारावा. कायदा आड येत नाही.

मंत्री मात्र वकिली थांबवतात. 'सनद जमा केली' हा शब्द तिथला. राज्य बार कौन्सिलला रजिस्टर पोस्टाने कळवायचं, सोबत मूळ सनद जोडायची. मंत्रिपद गेलं की सचिवांकडे अर्ज, त्यासोबत आपण वकिलांच्या कायद्याच्या (अॅडव्होकेट्स अॅक्ट) कलम 24अ खाली अपात्र ठरलेलो नाही असं प्रतिज्ञापत्र, आणि सनद परत. रद्द होणं वेगळं: तिथे बार कौन्सिलची शिस्तपालन समिती त्याच कायद्याच्या कलम 35 खाली नावच पटावरून काढते.

सरकारी वकिलांचा अडथळा राज्यघटनेच्या कलम 191 मधल्या 'लाभाच्या पदा'चा, म्हणजे सरकारकडून मोबदला मिळणाऱ्या पदाचा; असं पद असलेला आमदारकीला अपात्र ठरतो. 1960 च्या दशकातच सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या पॅनेलवरची वकिली लाभाचं पद धरली, आणि एकाच खटल्यापुरती विशेष नेमणूक झालेल्या वकिलाला मात्र मोकळं सोडलं. व्यक्ती गेल्यावरही पद उरतं का, ही कसोटी. त्यामुळे राज्याच्या कायद्यातली सूट-यादी, म्हणजे अपात्रतेतून वगळलेल्या पदांची यादी, आधी वाचावी. पद त्या यादीत नसेल, तर राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र अर्जांच्या छाननीआधी हातात हवं. नुसती राजीनाम्याची पोच दाखवली, तर विरोधक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

महाधिवक्त्याला राज्यघटनेच्या कलम 165 खाली राज्यपाल नेमतात. पात्रता हायकोर्टाच्या न्यायाधीशाची. कलम 177 मुळे तो दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. श्रीहरी अणे यांनी मार्च 2016 मध्ये महाराष्ट्राचं हे पद सोडलं, तेव्हा कुठेही पोटनिवडणूक लागली नव्हती.